गेजवरची तारीख उलटली, की समजून जा

आमच्या इन्स्पेक्शनच्या टेबलावर पिन गेजची, म्हणजे भोकाचं माप तपासायच्या बारीक पिनांची, लाकडी पेटी असायची. पेटीवर पिवळा स्टिकर आणि त्यावर दोन तारखा: कॅलिब्रेशन, म्हणजे गेजचं स्वतःचं माप बरोबर आहे का ही तपासणी, कधी झालं आणि पुढचं कधी. २०१९ च्या जुलैमध्ये दुसरी तारीख उलटून आठवडा झाला तरी पेटी कोणी उचलून नेली नाही. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "राहू दे, घ्या चालवून."

चौदा वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. एरवी ऑडिटच्या आठवड्यात याच पेटीसाठी याच साहेबांनी मला रात्री साडेनऊला फोन करून "कपाटाची चावी कुठंय?" विचारलेलं. ज्या पार्टला पुढं दिवस आहेत, त्याचं गेज कोणी असं वाऱ्यावर सोडत नाही. आमचा पार्ट बंद होणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं दिवाळीच्या तोंडावर.

मी भोसरी एमआयडीसीत टू-व्हीलरच्या कार्बोरेटरचे जेट तपासायचे. कार्बोरेटर इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देतो, जेटच्या भोकातून त्यात पेट्रोल येतं. पितळेचा, नखाएवढा पार्ट. मधोमध भोक, कुठं ०.९५ मिलिमीटर, कुठं त्याहून बारीक. गो पिन सरळ गेली पाहिजे, नो-गो अडकली पाहिजे. दिवसभर तेच. पुढं १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स, म्हणजे गाड्यांच्या धुराचा कडक नियम, आलं. पेट्रोल किती सोडायचं ते सेन्सरकडून माहिती घेऊन कॉम्प्युटर ठरवायला लागला, त्यालाच फ्युएल इंजेक्शन म्हणतात, आणि बहुतेक नव्या गाड्यांवरून कार्बोरेटर उतरला. हे काही अचानक झालं नव्हतं. बीएस-फाइव्ह गाळून थेट सिक्सवर जायचं, हे सरकारनं जानेवारी २०१६ मध्येच जाहीर केलेलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की त्या तारखेनंतर बीएस-फोर गाडी विकायचीच नाही. चार वर्षं बातमी पेपरात होती. त्याच पेपरात मी भाकरी गुंडाळून नेत होते.

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. तो चाकणला इंजिन व्हॉल्व्हच्या लाईनवर आहे. "मावशी, सगळे इलेक्ट्रिक-इलेक्ट्रिक करतायत. आमचं पण तुमच्यासारखंच होणार का गं?" त्याला फोनवर अर्धवट सांगितलं. इथं नीट सांगते.

आधी डोळे उघडे ठेवा

कंपनी बंद होणार का, लाईन उठणार का, हे टपरीवर कळत नाही. टपरीवर सगळे तज्ज्ञ. खरी खबर वस्तूंमधून येते. एक तर गेज, ते सांगितलंच. दुसरं, कस्टमरचं शेड्यूल, म्हणजे पुढं किती माल हवा ते. पूर्वी आमच्याकडं तीन महिन्यांचं यायचं, मग महिन्याचं झालं, शेवटी आठवड्याचं. तिसरं, ओव्हरटाइम बंद होतो आणि लोक उलट खूश होतात की गुरुवारची सुट्टी पूर्ण मिळते. चौथं, मशीन बिघडलं की मेंटेनन्सवाला नवा स्पेअर न मागवता शेजारच्या बंद मशीनचा काढून बसवतो. आमच्या चार नंबरच्या मशीनला असं तीनदा झालं. पाचवं आणि पक्कं: त्याच छताखाली दुसऱ्या कोपऱ्यात नवी लाईन लागते आणि तिथं बाहेरची पोरं भरली जातात.

यातलं एखादं दिसलं म्हणून घाबरू नका. तीन एकदम दिसली तर कामाला लागा.

आणि "स्पेअरचं काम राहील" यावर विसंबू नका. ते खोटं नसतं, हेच वाईट आहे. जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत तोवर कार्बोरेटर लागणारच, म्हणून आमची चारातली एक लाईन खरंच राहिली. त्या लाईनवर सहा माणसं होती. आम्ही सगळे मिळून चाळीस.

काय विचारायचं

मी साहेबांना विचारलं होतं, "माझी नोकरी राहील ना?" या प्रश्नाला जगात एकच उत्तर आहे: "काळजी करू नका." ते उत्तर ऐकून मी दोन महिने काळजी केली नाही.

ज्याला उत्तर द्यावंच लागेल असा प्रश्न विचारा. "साहेब, नव्या लाईनवर इन्स्पेक्शनला कोणाला घेणार? मला एक आठवडा तिकडं बसवता का?" हो म्हणाले तर शिकायला मिळालं, नाही म्हणाले तर कळलं. स्टोअरवाल्याला विचारा, की या पार्टचं पितळ पुढच्या महिन्याला किती मागवलंय. स्टोअरवाला सहसा खोटं बोलत नाही, त्याला खोटं बोलायचं कारणच नसतं.

सात दिवस वही लिहा

हे सगळ्यात कामाचं आहे आणि यालाच लोक हसतात. माझा पहिला बायोडाटा झेरॉक्सच्या दुकानातल्या पोरानं टाइप केला. त्यात लिहिलं होतं: इन्स्पेक्टर, अनुभव १४ वर्षं, छंद वाचन. चौदा वर्षं एका शब्दात संपली. वाचनाचंही खोटंच.

मग शेजारच्या कंपनीतल्या युनियनच्या एका काकांनी सांगितलं, की एक वही कर आणि रोज घरी आल्यावर आज हातानं काय केलं ते लिही. जेट तपासले असं लिहायचं नाही. नेमकं काय केलं ते लिहायचं. माझ्या वहीतला एक मंगळवार असा:

"सकाळी लॉटमधून ५० नग काढले. ३ नगांत बर (भोक पाडताना कडेला राहिलेला धातूचा बारीक काटा). तिन्ही चार नंबर मशीनचे. ऑपरेटरला दाखवलं, त्यानं ड्रिल बदलला. पुढचे २० नग स्वतः उभं राहून पाहिले, ठीक. दुपारी कस्टमरकडून तक्रारीचा मेल, दोन नगांत फ्लो कमी. मागच्या महिन्याचे रेकॉर्ड काढून लॉट शोधला. धुण्याच्या टाकीचं पाणी बदललं नव्हतं त्या दिवशीचा निघाला. साहेबांना आठ-डीच्या फॉर्मसाठी (तक्रारीचं कारण आणि उपाय त्यात लिहितात) पॉइंट लिहून दिले. नवीन मुलीला गेज धरायला शिकवलं."

सात दिवसांनी वही उघडली आणि मीच बघत बसले. जेटचं नाव काढून टाकलं तरी सगळं काम जागेवर होतं. बारीक भोकाच्या पार्टचं सॅम्पलिंग, दोष कुठल्या मशीनचा ते शोधणं, रेकॉर्डवरून लॉट काढणं, कस्टमरच्या तक्रारीला उत्तर तयार करणं, नवीन माणूस शिकवणं. यातलं एकही काम कार्बोरेटरचं नव्हतं. दुसरा बायोडाटा मी त्या वहीवरून लिहिला, एका पानाचा, मराठीत लिहून मग मुलीकडून इंग्रजी करून घेतला. छंद काढून टाकले.

तुम्ही ऑफिसात असाल तरी हेच करा. "अकाउंट्स बघते" असं लिहिलं की तुम्ही दहा हजारांतल्या एक. "जीएसटीचा मेळ बसत नव्हता तो कुठल्या तीन बिलांमुळं ते शोधलं" असं लिहिलं की समोरचा मान वर करून बघतो.

कागद, कंपनी चालू आहे तोवर

एकदा गेटला कुलूप लागलं की एचआरचा माणूस फोन उचलत नाही. त्याचीही नोकरी गेलेली असते बिचाऱ्याची. म्हणून ही कामं पगार चालू असतानाच करा.

माझ्या पीएफमध्ये माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं. कामाला लागले तेव्हा लग्न झालेलं नव्हतं आणि नंतर कोणी विचारलं नाही. नाव जुळत नसेल तर क्लेम अडकतो. ते दुरुस्त करायला मला जॉइंट डिक्लेरेशन नावाचा अर्ज लागला, आणि त्यावर माझ्यासोबत कंपनीचीही मान्यता लागली. मी नोव्हेंबरमध्ये करून घेतलं. माझी मैत्रीण "बघू नंतर" म्हणाली, ती पुढं दीड वर्ष हेलपाटे मारत होती. बायांनो, हे आजच बघा.

दुसरं, ठेकेदाराकडची वर्षं. मी पर्मनंट झाले जून २००५ ला, पण त्याआधी दोन वर्षं ठेकेदारामार्फत होते. त्या दोन वर्षांचा पीएफ वेगळ्या नंबरवर पडून होता. यूएएन, म्हणजे सगळ्या पीएफ खात्यांसाठीचा एकच नंबर, २०१४ मध्ये आला, त्याआधीची खाती आपोआप जोडली गेली असतील असं धरून चालू नका. जुनी पगाराची पावती सापडली तर खातं सापडतं. माझी सापडली देवघराखालच्या ट्रंकेत, साखरपुड्याच्या यादीसोबत.

आणि नोकरी बदलताना पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. पेन्शनला एकूण दहा वर्षांची नोकरी लागते. मधेच पेन्शनचे पैसे काढून घेतले की मोजणी परत पहिल्यापासून. हातात चाळीस हजार येतात, टीव्ही येतो, आणि वर्षं जातात.

बाकी अपॉइंटमेंट लेटर, पर्मनंटचं पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, ट्रेनिंगची सर्टिफिकेटं. सगळ्यांचे फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा.

त्या दिवशी सही करू नका

६ जानेवारी २०२०, सोमवार. आम्हाला पाच-पाच जणींना कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं. चहा होता, क्रीमची बिस्किटं होती. क्रीमची बिस्किटं बघूनच माझ्या पोटात गोळा आला, कारण ती फक्त कस्टमर आल्यावर निघायची. समोर टाइप केलेला कागद: "मी माझ्या वैयक्तिक कारणामुळे राजीनामा देत आहे." सही केली की दोन महिन्यांचा पगार लगेच. ग्रॅच्युइटी नियमानं.

आमच्यातल्या दोघींनी तिथंच सही केली. त्यांच्यावर रागवायचं काही कारण नाही, एकीच्या घरी आजारपण होतं. मी म्हणाले, "कागद घरी नेते, मिस्टरांना दाखवून उद्या आणते." नवऱ्याचं नाव सांगितलं की कोणी वाद घालत नाही, हा बाईमाणसाचा एवढा एक फायदा मी त्या दिवशी पुरेपूर वापरला. नवऱ्याला काही दाखवलं नाही. गेले काकांकडं.

काकांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. तो असा.

ग्रॅच्युइटी: शेवटचा बेसिक अधिक डीए, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. माझा बेसिक-डीए १३,०००. भागिले २६ म्हणजे ५००. गुणिले १५ म्हणजे ७,५००. नोकरी १४ वर्षं ७ महिने, आणि सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण वर्ष धरतात, म्हणून १५. एकूण १,१२,५००. हे राजीनामा दिला तरी मिळतंच, ती काही मेहेरबानी नाही.

कपातीची भरपाई: कंपनीनं स्वतः कमी केलं तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि वर दर वर्षामागं १५ दिवसांचा सरासरी पगार. माझा पूर्ण पगार १८,२००. त्याचं निम्मं ९,१००, गुणिले १५, म्हणजे १,३६,५००. नोटिशीचे आणखी १८,२००. राजीनाम्यावर सही केली असती तर या दीड लाखाऐवजी दोन महिन्यांचे ३६,४००.

म्हणजे "वैयक्तिक कारणामुळे" या दोन शब्दांची किंमत एक लाख अठरा हजार तीनशे रुपये. मी ते शब्द अजून कुठं दिसले तरी दचकते.

आम्ही अकरा जणी एकत्र गेलो. भांडायला नाही, हिशेबाचा कागद घेऊन. कामगार उपायुक्तांच्या ऑफिसात अर्ज करू असं काका शांतपणे म्हणाले, आवाज न चढवता. तीन बैठका झाल्या. पत्रातला राजीनामा गेला, कपात आली, रक्कम हिशेबाप्रमाणं आली. पत्रातला तो एक शब्द आणखी एका कारणानं महत्त्वाचा आहे. पगार ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याच्या, मर्यादेत असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेल्यावर काही दिवस भत्ता मिळू शकतो, पण स्वतःहून सोडली असेल तर नाही. ती योजना मुदतवाढीवर चालते, म्हणून ईएसआयच्या शाखेत आधी विचारून घ्या.

हा हिशेब २०२० चा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्यात. कपातीचे १५ दिवस त्यातही आहेत, पण वेतन कशाला म्हणायचं ते बदललंय. भत्ते फुगवून बेसिक अगदी कमी दाखवण्याला आळा बसलाय, भत्ते निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी आहे. सूत्र माझ्याकडून घ्या, आकडा मात्र तुमच्या पगारपावतीवरून आणि माहीतगार माणसाला विचारूनच काढा. मी वकील नाही, इन्स्पेक्टर आहे.

मधले महिने

यावर फार सांगण्यासारखं नाही. फेब्रुवारीत चिंचवडला सीएमएमचा, म्हणजे कॉम्प्युटरवर पार्ट मोजणाऱ्या मशीनचा, क्लास लावला, नऊ हजार फी. चार आठवडे झाले आणि मार्चमध्ये लॉकडाऊन. सगळी एमआयडीसीच घरी बसली, त्यामुळं एक गोष्ट बरी झाली: "काय, नोकरी गेली का?" असं विचारणारं कोणी उरलं नाही. मी मुलीच्या मोबाइलवर ड्रॉइंग वाचायला शिकले, ती चौकटीतली चिन्हं, गोलाई, समांतरता, पोझिशन. चौदा वर्षं मी पिन घालत होते, ड्रॉइंगवर ते भोक तिथंच का आहे हे कधी विचारलं नव्हतं.

एवढं सांगते. ग्रॅच्युइटीतले सहा महिन्यांच्या घरखर्चाचे पैसे बाजूला काढा, आणि शिकण्यावर खर्च करायचा तर अशाच गोष्टीवर करा, जिचं नाव तुम्हाला नोकरीच्या तीन तरी जाहिरातींत दिसलंय. मैत्रिणीनं केकचा क्लास लावला. केक सुंदर करते. खातो आम्हीच.

मुलाखत

सप्टेंबर २०२० मध्ये तळवड्यात एका छोट्या कंपनीत बोलावलं. थ्रॉटल बॉडीचे पार्ट, म्हणजे ज्या फ्युएल इंजेक्शननं माझा जेट घालवला त्याचंच सामान. तोंडावर मास्क, समोर माझ्याहून दहा वर्षांनी लहान मॅनेजर. त्यानं बायोडाटा बाजूला ठेवला आणि टेबलावर एक शाफ्ट आणि मायक्रोमीटर ठेवला. "मोजा."

मी आधी हात ओढणीला पुसले. मग मायक्रोमीटरच्या दोन्ही तोंडांमध्ये त्याच्याच टेबलावरचा कोरा कागद हलका धरून ओढून काढला, म्हणजे तेल-धूळ निघते. मग रिकामा मिटवून शून्य पाहिलं. शून्य नव्हतं, ०.०१ पुढं होतं. म्हणाले, "सर, याला एररोर आहे, वजा करून सांगू का दुसरा देता?" मग रॅचेटचे तीन टकटक, आणि शाफ्ट दोन जागी, आडवा-उभा मोजला.

तो हसला. म्हणाला, सकाळपासून सहा जण आले, सगळ्यांनी सरळ शाफ्ट उचलला. एररोर त्यानं मुद्दाम ठेवला होता. शब्द मी "एररोर" असाच म्हणते, शॉपवर सगळे तसंच म्हणतात, मुलगी हसते.

पगार १५,००० सांगितला. कमी होता. मी हो म्हणाले, पण सहा महिन्यांनी पगार परत बघायचा ही ओळ तारखेसकट अपॉइंटमेंट लेटरमध्ये लिहून घेतली. तोंडी आश्वासन देणारा माणूस सहा महिन्यांत स्वतःच दुसरीकडं गेलेला असतो. माझ्या बाबतीत तेच झालं. पत्र होतं म्हणून वाढ झाली.

नव्या जागी

पहिल्या आठवड्यात मी तीनदा म्हणाले, "आमच्या जुन्या कंपनीत असं नव्हतं." तिसऱ्यांदा सगळे गप्प झाले. मग सोडलं ते.

सीएमएमवर चोवीस वर्षांचा मुलगा होता. मला काकू म्हणायचा. एकेचाळीसाव्या वर्षी शॉपवर कोणी ताई म्हणेल अशी माझी अपेक्षा होती, पण म्हटलं काकू तर काकू. त्याला म्हणाले, मला अलाइनमेंट शिकव, पार्ट टेबलावर कसाही ठेवला तरी मशीनला तो कसा कळतो ते. जेवणाच्या सुट्टीतली पंधरा मिनिटं, रोज. मी त्याला आतल्या भोकाचा बर ओळखायला शिकवलं. कान साफ करायची कापसाची काडी आत फिरवायची. तंतू अडकला तर बर आहे. डोळ्याला दिसत नाही ते कापसाला लागतं. त्याच्या लाखांच्या मशीनला ते सापडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो दुकानातून काड्यांची डबी घेऊन आला आणि मला ताई म्हणाला.

भाच्याचा परवा परत फोन आला. गेजवरच्या तारखा बघून आला होता. "सगळ्या ठीक आहेत मावशी. शेड्यूल पण तीन महिन्यांचं आहे. पण मागच्या शेडमध्ये मोटरच्या शाफ्टची लाईन लागतेय. दोन पोरं घेतली, बाहेरची."

त्याला म्हटलं, वही घेतलीस का? नाही म्हणाला. म्हटलं, मग वही नंतर घे. उद्या चहाच्या सुट्टीत आधी त्या शेडमध्ये जाऊन उभा राहा. हात पुसून जा.